सतरावी दुरुस्ती

"अंगठीचा खडा अजून लाल पायजे." साधनाताईंचा निरोप वाचला आणि आचलनं हातातलं पेन टेबलावर आपटलं.

ही सतरावी दुरुस्ती होती. ऑनलाइन खेळातल्या पात्रांचे चेहरे, कपडे, सावल्या रंगवून द्यायच्या, हा आचलचा धंदा. खेळणारे त्याला 'स्किन' म्हणतात. अकोल्यात घरी बसून तिनं राक्षस रंगवले होते, चिलखतातल्या राण्या रंगवल्या होत्या. तिसऱ्या फेरीपुढे कुणाची कुरकुर कधी गेली नव्हती. बडनेऱ्याच्या या बाईला मात्र पन्नाशीतला एक साधा माणूस हवा होता. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, तेल लावून मागं फिरवलेले केस. फोटो मागितला तर म्हणाली, "नाही. मी सांगते तसं काढ."

तीळ कानाच्या अजून खाली घे. दातांवर तंबाखूच्या खर्र्याचे डाग दे. बोटांवरचे केस दिसू दे. आचलनं एकेक केस रेखला. उत्तर आलं, "जास्त झाले."

तिचं डोकंच फिरलं. तिनं फोन लावला.

"ताई, हा माणूस खेळात पळणार. त्याच्या बोटावरचे केस कोण पाहून राहिलं?"

"आमी पायतो."

"मंग तुमीच काढा ना!"

पलीकडून आवाज आला, "रविवारी घरी ये. समोर बसून करू. एकदाचं."

भांडायचंच ठरवून आचल सकाळच्या गाडीत बसली. मूर्तिजापूर गेलं तरी ती मनातल्या मनात वाक्यं घासत होती.

साधनाताई तिशीतल्या. रेल्वेत तिकीट खिडकीवर होत्या. घरात एकट्याच. आचलनं लॅपटॉप ठाण्‌कन ठेवला, तो चेहरा मोठा केला आणि म्हणाली, "सांगा, आता काय चुकलं?"

साधनाताईंनी पडद्याकडे पाहिलं. भिंतीला हात टेकला. मग झटकन मोरीत गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

आचल भांडायचं विसरली. तिचे बाबा ती सहावीत असताना गेले होते. त्यांचे हात कसे होते, ते आता तिला आठवत नव्हतं. या बाईला बोटांवरचे केससुद्धा आठवत होते, आणि आपण तिच्यावर ओरडलो. आचलला स्वतःचाच संताप आला.

तोंड पुसत साधनाताई बाहेर आल्या.

"ताई... तुमचे बाबा?"

"डोळ्याखालची सावली हलकी कर," त्या म्हणाल्या. "हसताना डोळे बारीक व्हायले पायजे."

आचल दोन तास जीव ओतून बसली. कोपराशी सफारीच्या चुण्या पाडल्या. कपाळावर तेलाची चकाकी आणली. खडा लाल केला. साधनाताई तिच्या मागं उभ्या होत्या. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

"बस," त्या एकदम म्हणाल्या. "हाच."

त्यांनी स्वतःच ती स्किन खेळात चढवली. मोकळ्या मैदानाच्या मधोमध सफारीतला माणूस उभा राहिला. त्याच्याभोवती एकेक करून पात्रं जमली, नऊ. सगळ्यांच्या डोक्यावर बायकांची नावं. स्पीकरवर कुणीतरी "अय माय!" म्हणालं. कुणीतरी हुंदका दिला.

आचलचेही डोळे भरून आले. घरच्यांच्या मधे आपण कशाला, म्हणून ती बॅग आवरायला लागली.

"सगळ्या आल्या काय?" साधनाताईंनी माईक तोंडाशी धरला. त्यांचा आवाज आता जराही कापत नव्हता. "गीतांजली, पयले तू. शिकवणीच्या क्लासच्या मागच्या खोलीत यानं आपल्याले एकेकीले ज्या नंबरानं बोलावलं होतं, त्याच नंबरानं मारायचं. आन् घाई करू नका. मेला की पुन्हा उभा करता येते."