रेडिएटरचं झाकण

बॉनेट वर करताच वाफेचा लोट आबांच्या तोंडावर आला. ते मागे सरले, डोळे पुसले आणि पुन्हा वाकून बघू लागले. रेडिएटरच्या तोंडावर झाकणच नव्हतं.

"सकाळी पाणी घातलं," ते म्हणाले. "झाकण बॅटरीवर ठेवलं होतं. ते तसंच राहिलं असणार. वाटेत कुठेतरी उडालं."

सुनेने मागच्या सीटवरून मॅनेजरला खाली उतरवलं. मॅनेजर म्हणजे कुत्रा. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्याच्या प्रत्येक कामावर नजर ठेवायची, म्हणून आबांच्या मुलाने त्याला हे नाव दिलं होतं. मुलगा दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. घरात उरले सासरा, सून आणि मॅनेजर. आताही तो बॉनेटपाशी बसून पाहणी करत होता.

आबांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. पाणी, तेल, हवा पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावला नाही. पोरं गाडीत असताना बस एकदाही बंद पडली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, आणि ऐकणाऱ्यांना ते एव्हाना तोंडपाठ झालं होतं. आज ते बॉनेटखाली पुन्हा पुन्हा झाकण शोधत होते.

सुनेला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. तिला तिथे सोडायला ते निघाले होते. नोकरी धर म्हणून तिच्या मागे लागले तेही आबाच. म्हातारा सुनेला धरून बसलाय, असं शेजारचं कुणीसं बोललेलं त्यांच्या कानावर आलं, आणि तेव्हापासून त्यांनी तिला सुखाचा घास खाऊ दिला नव्हता. "तुम्हीही चला," ती म्हणायची. "हातपाय चालतात तोवर मी कुणावर ओझं होणार नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. कुत्रा मात्र त्यांनी तिच्या पदरात टाकला. परक्या गावात ओळखीचं कुणीतरी हवं, म्हणाले.

फोन करून बोलावलेला गॅरेजवाला आला. इंजिन बघून चुकचुकला. "इंजिनचं हेड खोलावं लागेल. दोन-तीन दिवस धरून चाला." त्याने दोर बांधून गाडी ओढत नेली. जाता जाता म्हणाला, "काका, झाकण कोण विसरतं हो?"

आबांनी मान खाली घातली. सुनेने मॅनेजरच्या गळ्यातला पट्टा उगाचच नीट केला.

नोकरीच्या शहराकडे जाणारी बस दिसली तसा आबांनी हात केला. कंडक्टरने दारातून खाली पाहिलं. "ताई, तुम्ही चढा. कुत्रा नाही चालणार."

"तू जा," आबा म्हणाले. "उद्या हजर व्हायचंय तुला. याला मी घेऊन जातो घरी."

"याला सोडून मी नाही जाणार," ती इतक्या घाईने म्हणाली की कंडक्टरने दुसऱ्यांदा विचारलंच नाही. बस गेली. तिने ऑफिसला फोन लावून दोन दिवसांची मुदत मागितली. मग दोघं रस्ता ओलांडून पलीकडे, घराकडे जाणाऱ्या बाजूला उभे राहिले.

बऱ्याच वेळाने गाद्या भरलेला एक टेम्पो थांबला.

"याचं नाव काय?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"मॅनेजर."

"मग साहेबांना घ्या पुढे केबिनमध्ये. तुम्ही दोघं बसा मागे," असं म्हणून तो एकटाच खो खो हसला. पण साहेब सुनेला सोडून पुढे बसेनात. शेवटी तिघंही मागे गाद्यांवर चढले. एरवी आबांनी या विनोदाला सवाई उत्तर दिलं असतं. आता ते पुटपुटत होते, "झाकण बॅटरीवर ठेवलं. पाणी ओतलं. फडक्याला हात पुसले. मग? मग काय केलं मी?" आणि पुन्हा झाकण बॅटरीवर ठेवण्यापासून सुरुवात करायचे. सून मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. एकदा तिने तोंड उघडलं, पण टेम्पो खड्ड्यात आदळला आणि बोलायचं राहून गेलं.

संध्याकाळी घराचं कुलूप उघडलं. मॅनेजरने सगळ्या खोल्या तपासल्या आणि पाणी पिऊन अंग टाकलं. आबांनी कपाटातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि सुनेसमोर टेबलावर ठेवली.

"दुरुस्त झाली की विकून टाक," ते म्हणाले. "आज झाकण विसरलो, उद्या गॅस चालू ठेवून झोपेन. तू जायच्या आधी माझ्यासाठी एखादा वृद्धाश्रम बघ. माझा मलाच भरवसा राहिला नाही, पोरी."

मुलगा गेला तेव्हाही या माणसाने रडता रडता तिलाच धीर दिला होता. आता ते खुर्चीत बसले तेही चाचपडत, एखाद्या परक्या घरात बसावं तसे. तिला ते बघवेना.

तिने पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून किल्लीशेजारी ठेवलं. रेडिएटरचं झाकण होतं.

"तुम्ही लावलं होतं, आबा. चांगलं घट्ट लावलं होतं." तिला हुंदका आवरेना. "तुम्ही चपला घालायला आत गेलात ना, तेव्हा मी काढलं. मला वाटलं, गाडी गल्लीतच बंद पडेल. आणखी एक दिवस मिळेल इथे. तुम्ही स्वतःला असं लावून घ्याल हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

आबांनी झाकण उचललं. आतलं रबर अंगठ्याने फिरवून फिरवून पाहिलं.

"वेडे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, "आधी सांगायचंस की. मी आख्खं इंजिनच उतरवून ठेवलं असतं."