फरशीखालची ठकठक

खाणीत शिरल्यावर बाबा आधी काठीनं छत ठोकतात. खणखणीत वाजलं तर कोळसा काढायचा, ढबढब वाजलं तर सगळ्यांनी पळायचं. घरी माझं डोकंही ठोकतात. "पोकळच गं, तायडे!"

आज दुपारी आम्ही दोघं जेवत होतो, तर फरशीखालून अगदी तसंच कुणीतरी ठोकायला लागलं.

"बाबा, तुमचे दोस्त आले वाटतं!"

बाबांचा घास हातातच राहिला. "आपल्या घराखालची खाण तुझ्या जन्माआधीच पाण्यानं भरलीये, बाळा."

ठोकणं सरकत सरकत माझ्या खुर्चीखाली आलं. तिथं ते ढबढब वाजलं.

"हलू नकोस," बाबा कुजबुजले. "त्यांचं छत म्हणजे आपली फरशी."

मग खालून पावलं ऐकू आली. कितीतरी जण जीव मुठीत घेऊन पळत होते.