दिसलं नाही

सोनोग्राफी सेंटरच्या टायपिस्टबाईंनी अठरा वर्षं डॉक्टरांचे इंग्रजी रिपोर्ट टाइप केले आणि अठरा वर्षं एकाच शब्दावरून बोलणी खाल्ली. पडद्यावर एखादी गोष्ट नसली, की बाई सरळ 'ॲबसेंट' लिहून मोकळ्या व्हायच्या. डॉक्टर लाल पेनाने ते खोडायचे.

"बाई, 'नॉट सीन' लिहा. मशीनला दिसलं नाही, एवढंच आपण म्हणायचं. नाहीच आहे, असं सांगणारे आपण कोण?"

बाई मनात म्हणायच्या, नसलं ते नसलं, उगाच शब्दाचा कीस कशाला काढायचा!

आज आत टेबलावर त्यांचीच लेक होती. पाचवा महिना. डॉक्टर बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"हा रिपोर्ट मी टाइप करतो, बाई. तुम्ही आत तिच्याजवळ बसा."

बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

डोक्याचं माप झालं, मांडीच्या हाडाचं झालं. हृदयाच्या ठोक्यांची ओळ आली आणि डॉक्टर थांबले. बाईंनी आपणहून टाइप केलं, 'नॉट सीन'. मग त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या.

"दिसले नाहीत, एवढंच ना डॉक्टर? म्हणजे असतीलही."

डॉक्टरांनी कीबोर्ड हळूच आपल्याकडे ओढला, ते दोन शब्द पुसले आणि अठरा वर्षं खोडत आलेला तो एक शब्द स्वतःच्या हाताने टाइप केला.