मुंगळ्याचा पुरावा

दाण्याला पीकपाणी काय कळतं, हे तीस वर्षं वर्गात विचारून जानराव गुरुजी थकले होते. गाव मात्र दर अक्षय्य तृतीयेला शेतात वर्तुळ आखून पिकापिकाचं बी मांडायचं. दुसऱ्या सकाळी जे बी वर्तुळाबाहेर सापडेल, ते पीक बुडणार. बी मुंगळे हलवतात हे दाखवायला यंदा गुरुजींनी पहाटेच तिथं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. तासाभरात एक मुंगळा कपाशीचं बी, सरकी, ओढत बाहेर घेऊन गेला. गुरुजी हसले, मग सरकीकडे बघत राहिले. मुलगा कुलदीप नांदगाव पेठची नोकरी सोडून वावरभर कपाशी लावणार होता. उजाडल्यावर गाव जमलं. पुजारी म्हणाला, “सरकी जाग्यावर हाय. कपाशी साधली.” “बाबा, भेटला का मुंगळा?” कुलदीपनं विचारलं. “भेटला.” “मंग दाखवा नं लोकाइले.” गुरुजींनी मोबाइल खिशात टाकला. मुंगळ्यानंतर सरकी परत ठेवणारी त्यांचीच बोटं त्यात होती.