थट्टेचं नातं

"पिवळं कार्ड नाही म्हणून रडतेस काय? तोंड आहे ना?" साजोमावशी म्हणाली आणि डब्यातला उरलासुरला भात बोटांनी गोळा करू लागली.

नदीवरचा पूल जवळ आला होता. पुलापलीकडे सेनेगल. मालीतून तिकडे कापड विकायला नेण्यात साजोमावशीची उभी हयात गेलेली, त्यामुळे बसमधल्या नवख्यांना शहाणपण वाटायचा मान तिचा. पाणी घरचंच पी. बॅग मांडीवर ठेव, टपावर टाकलीस की तिच्यावर पाणी सोड. सुट्टे पैसे वेगळे, नोटा वेगळ्या. तेनिन मान डोलवत होती, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पहाटे जावयाचा फोन आला होता. तिकडे लेक अडली होती. डॉक्टर पोट उघडायचं म्हणत होते आणि पोरीनं हट्ट धरला होता, आई आल्याशिवाय हात लावू देणार नाही. तेनिन नेसत्या कपड्यांनिशी निघाली. लस टोचल्याचं ते पिवळं कार्ड घरीच राहिलं.

"आडनाव काय गं तुझं?"

"त्राओरे."

"मग काय घोडं अडलंय? चौकीवरचा साहेब न्जाय आहे. उतरल्या उतरल्या त्याला गुलाम म्हण. चारचौघांत, मोठ्यानं म्हण. हसेल आणि सोडून देईल."

तेनिनला ते पटलं. न पटण्यासारखं काय होतं? त्राओरेंनी न्जायांना आणि न्जायांनी त्राओरेंना वाटेल ते बोलावं, ऐकणाऱ्यानं हसावं, ही रीत वाडवडिलांपासूनची. नदी ओलांडली म्हणून हे नातं तुटत नाही. थट्टेत रागावला तो हरला.

चौकीपुढे सगळे उतरले. न्जायसाहेब सावलीत खुर्ची टाकून बसला होता, शेजारी शेंगांची पाटी. त्यानं कार्ड मागितलं. तेनिननं कमरेवर हात ठेवले.

"मालकिणीकडे कार्ड मागतोस होय रे? माझ्या बापाच्या गोठ्यातून पळालेला गुलाम तू! टोपी घातलीस म्हणून काय ओळखणार नाही?"

साहेब खुर्चीतून ताडकन उठला. त्याचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली बकरीच सापडली.

"त्राओरे! अरे, या रे सगळे! आमच्या घरची पळालेली गुलामीण आपल्या पायांनी परत आलीय!"

टपावरचं सामान तपासायला चढलेले दोन शिपाई काम टाकून धावत आले. तेनिनला स्टुलावर बसवून पाटी तिच्यापुढे सरकवण्यात आली. "आधी शेंगा सोल," साहेब म्हणाला. "गुलामांनी फुकटात पूल ओलांडायचा नसतो." माणसं पोट धरधरून हसत होती. तेनिनही हसली. हसत हसत तिनं शेंगा सोलल्या.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तशी ती उठली. "साहेब, पुरे झाली गंमत. लेक अडलीय माझी. जाऊ द्या."

"घ्या!" साहेबानं टाळी मागितली. "मागच्या त्राओरेचा बाप मेला होता. त्याच्या आधीच्याचाही बापच मेला होता. हिनं मात्र नवीन काढलं हं!"

"खरंच सांगते, साहेब."

"तेही खरंच सांगत होते!"

तिचे डोळे भरून आले तेव्हा तर एक शिपाई हसून हसून खालीच बसला. थट्टेला सुरुवात तिनं स्वतःच केली होती. आता तिच्या तोंडून जे निघेल ते थट्टेतच जमा होणार होतं.

"मावशी!" तिनं बसकडे बघून हाक मारली. "तुम्ही तरी सांगा ना यांना!"

साजोमावशी पायरीवर उभी होती. तिनं आधी टपाकडे पाहिलं. तिच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर ताडपत्री आवळून झाली होती. एकही गठ्ठा कुणी सोडून पाहिला नव्हता.

"ऐकू नका हो तिचं, साहेब!" मावशी ओरडली. "हिला कसली आलीय लेक? सकाळपासून हेच सांगून आम्हालाही रडवतेय. पोहोचलेली बाई आहे!"

आणि चढून आत गेली. गरज सरो, वैद्य मरो, हे काय एकाच मुलखात चालतं? बस पुलावर गेली. मावशीनं खिडकीतून हातसुद्धा हलवला.

तेनिन मागे धावली. "पळाली रे, पळाली!" म्हणत शिपायांनी तिला धरून आणलं, आणि तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. साहेबानं तो हिसकावला, सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि छाती फुगवून बोलला, "हॅलो! मालक बोलतोय! तुमच्या बाईला मी ठेवून घेतलंय. ती आता यायची नाही. तुमचं तुम्ही बघा!"

पुन्हा हशा उसळला. साहेब फोन कानाला लावून ऐकत होता. मग त्यानं तो हळूच खाली घेतला.

"जावई होता ना?" तेनिननं विचारलं. "काय म्हणाला?"

साहेबानं टोपी काढली. मागे शिपाई अजून हसतच होते.

"जावई नव्हता," तो म्हणाला. "पोरीचा आवाज होता. 'बरं' म्हणाली."