लाल डबा

सेलीनने नाताळच्या गोठ्यात पेंढा अंथरला, मातीचे मेंढपाळ मांडले आणि तिसऱ्यांदा उचलून परत मांडले. सकाळपासून तिला चैन नव्हतं.

"पप्पा घरी आले होते त्या नाताळला त्यांनी 'केकराजा'चा केकच आणला होता," ती म्हणाली. "लाल डबा, रिबिनीसकट आठवतोय मला."

"काहीतरीच! सायकल आणली होती, 'चपळराजा'ची," धाकटा इनास फणकारला. "घंटी अजून कानात वाजतेय."

दोघांच्याही कानामागे आठवणपट्टी होती. ती लावली की जुनं सगळं लख्ख आठवायचं, आणि मिळायची फुकट. डिसेंबरात कंपन्यांना आठवणींत जाहिराती घुसवायची मुभा, एवढीच काय ती अट. सही करताना अटी वाचतो कोण?

आईने मात्र स्वतःला पट्टी कधी लावू दिली नव्हती. करंज्या तळता तळता ती झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"कसला केक नि कसली सायकल? तुमचे पप्पा बोटीवर कामाला. एकाही नाताळला घरी नव्हते."

सेलीनने डोळे घट्ट मिटले. पप्पा दारातच उभे होते, लाल डबा पुढे करून हसत म्हणत होते, "दोनांवर एक मोफत, माझी बाय!"

"पण मला दिसतायत गं ते," ती रडवेली झाली.

आई तिच्याजवळ टेकली. "बरं, दिसू देत. आणि मी? मी कुठं आहे त्यात?"

सेलीनने दारापाशी शोधलं, चुलीपाशी शोधलं, गोठ्यापाशी शोधलं. जिकडेतिकडे लाल डबे रचलेले होते. आई कुठंच नव्हती.