ह्यांची रेघ

"मधुसूदन! ऐकू येतंय का?"

डॉक्टरीणबाईंनी हाक मारली आणि पडद्यावरची रेघ टुणकन उसळली. अपघातापासून हे नुसते पडून होते. डोळे उघडे, पण ओळख नाही. बाई मेंदूवर संशोधन करतात. ह्यांच्या डोक्याला तारांची टोपी घालून, आत जाग कितपत उरलीय ते त्या शोधत होत्या.

"आता तुम्ही, काकू. नावानं हाक मारा."

मी जन्मात ह्यांचं नाव घेतलेलं नाही. "अहो," म्हणाले. रेघ ढिम्म. पुन्हा म्हणाले. ढिम्मच. घरीसुद्धा पेपर वाचताना असंच करायचे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरवायचं मी, कूस पालटून द्यायची मी, आणि ह्यांनी ओ द्यायची हिला! मी तिच्याकडेच वळले. "हे बघा, माझ्या नवऱ्याला नुसत्या नावानं हाक मारायची नाही. बापाच्या वयाचे आहेत तुमच्या. राव म्हणा! आणि आवाजात एवढी साखर कशाला हवी?"

"काकू, रेघ बघा."

रेघ नाचत होती, मघापेक्षा कितीतरी उंच. मी गप्प झाले तशी तीही हळूहळू निजली.

"तुमचं ऐकताहेत ते." बाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "पण खात्री करायला हवी. पुन्हा भांडा माझ्याशी."

मी तोंड उघडलं. पण आता तिच्याशी भांडायला काही सुचेचना.